जोर जातो कुठे?

माझ्या लहानपणी अकोल्याच्या आमच्या घरात एक पितळी स्टोव्ह होता. कधी कधी कितीही पंप मारला तरी त्यात हवा भरत नसे. दांडा नुसताच खालीवर व्हायचा, हाताला काही लागायचंच नाही. मग अम्मी तो दांडा ओढून बाहेर काढायची. त्याच्या टोकाला चामड्याची छोटीशी वाटी असायची, सुकून आकसलेली. तिच्यावर गोडेतेलाचे दोन थेंब सोडायचे, बोटानं कडा जराशी फाकवायची आणि दांडा परत बसवायचा. चार पंपांत स्टोव्ह आवाज करू लागायचा.

माझे अब्बा एका जिन-प्रेसमध्ये फिटर होते. चहाची वाट पाहत बसलेले असताना ते म्हणायचे, "ताकद कमी झाली असं लोक म्हणतात. ताकद कुठं जात नाही. ती झिरपते. कुठून झिरपते तेवढं बघावं." पुढे मी बी.ए. झालो, मराठीत कविता लिहू लागलो आणि हे वाक्य विसरून गेलो. ते पुन्हा आठवलं मागच्या मे महिन्यात, अमरावतीहून अकोल्याला जाताना.

मंडळी, आमची गाडी सतरा वर्षांची आहे. त्या गाडीचा क्लच महिनाभर कुरकुर करत होता. सकाळी पहिल्यांदा गिअर टाकताना दात घासल्यासारखा आवाज यायचा. रिव्हर्स तर भांडून घ्यावा लागे. अमरावतीतल्या एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या पोरानं गाडीत न बसताच सांगितलं, "क्लच प्लेट गेली. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. तेरा हजार." माझ्या थोरल्या बहिणीचं, आपांचं, अकोल्याला डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यासाठी काढून ठेवलेल्या पैशांतूनच हे तेरा हजार द्यावे लागणार होते. मी म्हटलं, आधी आपांना भेटून येतो, मग बघू.

अमरावती ते अकोला हे अंतर साधारण शंभर किलोमीटर. हा रस्ता २०२२ सालच्या जूनमध्ये जगभर गाजला होता. या मार्गावर लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरून झाली आणि गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता असा की पाण्याचा थेंब हलू नये. पण गाडीनं साथ सोडली. मूर्तिजापूरच्या अलीकडे एका ट्रकमागे वेग कमी केला, क्लच दाबला, तो सरळ तळाला जाऊन बसला आणि वर यायचं नाव घेईना. गाडी धक्का खाऊन बंद पडली. पायाच्या बोटांनी पेडल उचकून वर घेतलं, भराभर तीन-चार वेळा दाबलं, तेव्हा कुठे एकदाचा गिअर पडला. तसाच रखडत गावात शिरलो. एका टपरीवाल्यानं मिस्त्रींचं दुकान दाखवलं.

मिस्त्री सत्तरीचे. मी आल्या आल्या माझं निदान सांगितलं, "काका, क्लच प्लेट गेली." ते हसले. म्हणाले, "थे मंग पाहू. आंधी सांगा, चढावर गाडी वढते का?"

"ओढते."

"इंजन नुसतंच घुरघुरते अन् गाडी मांगं राह्यते, असं होते का? जळका वास येते का?"

"नाही."

"मंग प्लेट काहून बदलता भाऊ?"

मंडळी, एवढ्या तीन प्रश्नांत माझे तेरा हजार वाचले होते, फक्त मला ते अजून कळलं नव्हतं. क्लच दोन तऱ्हांनी बिघडतो. एक म्हणजे तो पुरता धरत नाही, घसरतो. इंजिन जोरात फिरतं, पण चाकांना तो जोर पोचत नाही. हे झिजलेल्या प्लेटचं लक्षण. दुसरं याच्या उलट. तो पुरता सुटत नाही. पेडल दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांचा हात सोडत नाहीत, म्हणून गिअर कुरकुरतो. तेव्हा प्लेटपेक्षा तुमच्या पायाचा जोर तिथवर पोचवणाऱ्या यंत्रणेवर आधी शंका घ्यावी. मिस्त्रींनी इंजिन बंद करायला लावलं आणि गिअर टाकायला सांगितले. सगळे लोण्यासारखे पडले. इंजिन चालू केलं की पुन्हा भांडण. म्हणजे गिअरबॉक्स ठीक, क्लच सुटत नाही एवढंच.

त्यांच्या हाताखाली एक पोरगा होता. तो पाना घेऊन गाडीखाली शिरायला निघाला. मिस्त्री त्याला म्हणाले, "थांब. आंधी पायानं पाय, मंग पान्याले हात लाव." आमच्या वऱ्हाडीत पाहा या क्रियापदाचं असं पाय होतं. पोरगा गाडीत बसला आणि त्यानं पेडल सावकाश दाबून धरलं. ते मध्यावर थोडं थांबलं, मग पायाखालची चिखलवाट खचावी तसं हळूहळू खाली गेलं. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, तेलाच्या छोट्या डबीत पाहिलं. तेल खुणेच्या खाली होतं. मग पेडलमागची चटई उचलून दांड्यावरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. खालच्या बाजूला गिअरबॉक्सजवळ मात्र सगळं कोरडं होतं. तिथल्या सिलिंडरचं रबरी टोपण उचलून पाहिलं, आतही ओल नव्हती. पेडल दाबल्यावर त्याचा दांडा जेमतेम हलत होता. "वरचा गेला," मिस्त्री म्हणाले. वरचा, म्हणजे क्लचचा मास्टर सिलिंडर.

हा मास्टर सिलिंडर म्हणजे जेमतेम मुठीएवढी वस्तू. पेडल आणि इंजिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीला तो बसवलेला असतो. आत एक दट्ट्या, दट्ट्यावर रबराची वाटी. पेडल दाबलं की दट्ट्या पुढे सरकतो, तेल बारीक नळीतून खाली दुसऱ्या सिलिंडरकडे जातं, तिथला दट्ट्या क्लचचा काटा ढकलतो. तेल दबून लहान होत नाही, म्हणून इकडचा जोर तिकडे जसाच्या तसा उमटतो. मात्र वाटीची कड झिजली की तेल पुढे जायच्या ऐवजी तिच्या बाजूनं मागे सरकतं. अम्मीच्या स्टोव्हचंच दुखणं हे.

पोरगा सुटा भाग आणायला अकोल्याच्या एका गाडीबरोबर गेला. दोन-अडीच तास हातात होते. आपांना फोन केला, मिस्त्रींच्या बाकड्यावर बसलो आणि मनानं अब्बांच्या प्रेसमध्ये जाऊन पोचलो. कारण आमच्या वऱ्हाडाला हे यंत्र नवं नाही. मोटारीच्या कितीतरी आधी ते इथे कापसाच्या पाठीवर बसून आलं.

द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा नियम फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलनं मांडला. अवघ्या ३९ वर्षांचं आयुष्य लाभलेला हा माणूस १६६२ साली वारला आणि त्याचा द्रवांवरचा प्रबंध १६६३ साली छापून आला. नियमातली गंमत साधी आहे. लहान दट्ट्याचं तोंड एक चौरस इंच आणि मोठ्याचं शंभर चौरस इंच असेल, तर लहानावर टाकलेला एक शेराचा भार मोठ्यावरचे शंभर शेर उचलतो. फुकट काही नाही. मोठा एक इंच वर यायला लहानाला शंभर इंच चालावं लागतं.

नियम कळला, पण यंत्र व्हायला सव्वाशेहून जास्त वर्षं गेली. इंग्लंडच्या जोसेफ ब्रामानं १७९५ साली हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. कुलपांसाठी प्रसिद्ध असलेला हा कारागीर. अडचण एकच होती, दाब वाढला की दट्ट्याच्या कडेनं पाणी निसटायचं. कड घट्ट आवळली तर दट्ट्याच हलेना. यावरचा तोडगा ब्रामाच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्ले या तरुण कामगाराला सुचला, असं मानलं जातं. चामड्याची वाटी अशी बसवायची की पाण्याचा दाबच तिची कड भिंतीला चिकटवेल. दाब जितका जास्त, तितकी पकड घट्ट. दाब गेला की वाटी सैल. पेटंट मालकाच्या नावावर, वाटी कामगाराची. तेव्हापासून आजवर या जातीची कितीतरी यंत्रं त्या वाटीच्या भरवशावर उभी आहेत.

आता वऱ्हाडाकडे या. १८५३ सालच्या तहानं निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. त्याआधी इथला कापूस बैलांच्या पाठीवर लादून दूर गंगाकाठच्या मिर्झापूरला जात असे. सैल रुई म्हणजे नुसता फुगवटा. वजन कमी, जागा फार. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर पडली. १८६७ साली आगगाडी नागपूरला पोचली. १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावच्या रेल्वे फाट्याच्या उद्घाटनाला आला. पुढच्याच वर्षी बडनेरा-अमरावती फाटा सुरू झाला. डबा असो की जहाज, भाडं मोजायचं तर जागा मोलाची. म्हणून रुई दाबणं आलं. आधी माणसांनी फिरवायचे स्क्रूचे दाब होते, मग वाफेच्या इंजिनावर चालणारे पंप आणि हायड्रॉलिक प्रेस आले. अकोला, अमरावती, खामगाव, मूर्तिजापूर या गावांच्या आकाशात चिमण्या उभ्या राहिल्या.

अब्बांच्या वेळी, म्हणजे १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली त्यानंतरच्या हंगामांत, प्रेसबाहेर बंड्यांच्या रांगा लागत. आत माणसं पेटीत उतरून पायांनी रुई तुडवत. पेटी भरली की ती दाबाखाली यायची, खालून जाडजूड दट्ट्या सावकाश वर चढायचा आणि पलंगभर रुईची गाठ होऊन जायची. लोखंडी पट्ट्या आवळेपर्यंत दाब तसाच धरून ठेवावा लागे. अब्बा ओरडत, "दाब... धर... सोड." तो आवाज मला शाळेतून डबा घेऊन गेलो की ऐकू यायचा.

एका हंगामात प्रेस दाब धरेना. गाठी ढिल्या बांधल्या जाऊ लागल्या. वरच्यांनी ठरवलं, पंप जुना झाला, मुंबईहून नवा मागवायचा. तोवर काम बंद, म्हणजे पेटीत उतरणाऱ्या रोजंदारीच्या माणसांच्या चुलीही बंद. अब्बांनी एक रात्र मागून घेतली. त्यांनी पंपाला हातही लावला नाही. मोठ्या दट्ट्याची चकती उघडली, चामड्याची फाटलेली वाटी काढली, पन्हाळीसारखी वळवलेली नवी वाटी तेलात मुरवून बसवली. सकाळच्या पाळीला प्रेस चालू झाला. रजिस्टरात नोंद झाली ती अशी: पंप दुरुस्त केला.

अब्बांना याचंच वाईट वाटलं. बक्षिसाचं ते कधी बोलले नाहीत. "अरे, पंप चांगला होता. उद्या कोणी रजिस्टर वाचेल तर पुन्हा पंपच खोलेल," असं ते म्हणाले होते. मी तेव्हा नववीत होतो. आज वाटतं, इतिहासाच्या पुस्तकांचंही असंच होतं. इंग्रज अमदानीतली गॅझेटियरं चाळा, जिन किती, प्रेस किती, याची मोजदाद सापडते. तो दाब रात्रंदिवस टिकवून धरणारी माणसं, चामडं वळवणारे मोची, वाटी बसवणारे फिटर, यांची ओळसुद्धा सापडत नाही. आणि जी एखादी ओळ सापडते, ती पंप दुरुस्त केला अशी असते.

चामड्याची जागा रबरानं कशी घेतली, तेही सांगतो. माल्कम लॉकहीड या अमेरिकन माणसानं १९१७ च्या सुमारास मोटारीच्या हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट घेतलं. १९२१ साली ड्यूसेनबर्ग गाडीला चारही चाकांवर असे ब्रेक आले. सुरुवातीच्या कच्च्या चामड्याच्या वाट्या गळायच्या. १९२४ च्या क्रायस्लर गाडीसाठी तिथल्या इंजिनिअरांनी रबराच्या वाट्या घेतल्या आणि ही युक्ती सर्वांच्या आवाक्यात आली. ब्रेकमागून क्लचनंही तोच मार्ग धरला. त्या काळचं ब्रेकचं तेल काय होतं, ठाऊक आहे? एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण. नैसर्गिक रबराला खनिज तेलानं सूज येते, एरंडेलानं येत नाही. आपल्याकडे बंडीच्या आखाला वंगण म्हणून एरंडेल चालायचं, तेच साता समुद्रापार मोटारीच्या नळीत खेळत होतं. आजची तेलं ग्लायकॉल जातीची असतात. त्यांना एक खोड आहे, हवेतला ओलावा ती पितात. ओलाव्यानं सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंज धरतो, खड्डे पडतात आणि रबराची कड त्यावर घासून फाटते. त्यात वऱ्हाडातला मे. रबर तरी किती सोसणार?

तेवढ्यात पोरगा परतला. मी मिस्त्रींना विचारलं, "काका, नुसतं आतलं रबर बदलून भागलं नसतं?" मला वाटलं होतं, जुना माणूस आहे, हो म्हणेल. त्यांनी जुना सिलिंडर सोडवला. पेडलकडची पिन, नळीचा नट, भिंतीवरचे दोन नट, झालं. दट्ट्या काढून आतली भिंत चिंधीनं पुसली आणि उजेडाकडे धरून मला दाखवली. आत बारीक खड्ड्यांची रांग होती. "भित चांगली असती तं वाशर टाकून देलं असतं. पह्यलं आमी तेच करो. आता हे भित नव्या वाशराले महिनाभरात खाऊन टाकीन. मंग तुमी रस्त्यावर." जुनं तेच चांगलं, असा त्यांचा हट्ट नव्हता. खराब झालंय ते नेमकं ओळखावं आणि तेवढंच बदलावं, हा होता.

नवा सिलिंडर बसवण्याआधी त्यांनी तो हातात धरून तेल भरलं, दट्ट्या दाबून आतली हवा काढली. बसवल्यावर पेडलच्या दांड्याला किंचित मोकळीक ठेवली. ती नसेल तर दट्ट्या पुरता मागे येत नाही, डबीकडचं बारीक छिद्र उघडत नाही आणि क्लच कायमचा थोडा दबलेला राहतो. जुनं तेल परत वापरलं नाही. रंगावर सांडलेला थेंब पाण्यानं लगेच धुतला. हे तेल रंग खातं. डबीत भलतंच तेल ओतू नका, इंजिनचं तर मुळीच नाही, असं मला बजावलं. खालच्या सिलिंडरवर वर्षभर नजर ठेवा, दोघं एकाच वयाचे आहेत, असंही सांगितलं.

शेवटचं काम नळीतली हवा काढायचं. द्रव दबत नाही, पण हवा दबते. नळीत बुडबुडा राहिला तर पायाचा जोर तोच खाऊन टाकतो आणि पेडल स्पंजासारखं लागतं. पोरगा खाली निपलजवळ गेला आणि मी पेडलवर बसलो. मिस्त्री डबीत तेल ओतत, ती रिकामी होऊ न देता, वरून सांगत होते, "दाबा... धरा..." खालून पोरानं निपल सैल केलं, बुडबुड्यांसकट तेल बाहेर आलं, त्यानं निपल आवळलं. "सोडा." पुन्हा, "दाबा... धरा..." सात-आठ वेळा हे चाललं. त्या शब्दांनी मला क्षणभर बोलता येईना. पायाखाली पेडल हळूहळू कडक होत गेलं.

पार्ट आणि मजुरी मिळून त्या तेरा हजारांच्या पाव हिश्शात काम झालं. मी थोडे जास्त पैसे पुढे केले, मिस्त्रींनी मोजून परत दिले. पावती मागितली तेव्हा त्यांनी पोराला लिहायला सांगितलं. त्यानं लिहिलं, क्लच काम. मी म्हटलं, "बापू, नीट लिही. क्लचचा वरचा मास्टर सिलिंडर बदलला, भिंतीला गंज होता, प्लेट चांगली आहे." त्यानं मिस्त्रींकडे पाहिलं. ते म्हणाले, "लिही ना. उद्या कोनी वाचीन तं त्याले समजलं पायजे."

संध्याकाळी अकोल्याला पोचलो. आपांचं ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. ती पावती मी गाडीच्या कागदांत ठेवली आहे आणि ती जुनी रबरी वाटी माझ्या लिहायच्या टेबलावर. तिची एका बाजूची कड अर्ध्या नखाएवढी फाटली आहे. बस, तेवढीच.